उलटं संबोधन

रिफअतने दुपारी सव्वाबाराला फोन केला तेव्हा त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की शुक्रवारचं विमान किती वाजता आहे. वेळ त्याला माहीत होती. नझमियाने, त्याच्या बायकोने, ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती, आणि त्या लिहिण्यातली एक चूक त्याने सकाळीच पेन्सिलीने दुरुस्त केली होती. पण एकुलती एक लेक रुदैना चार दिवसांनी नवऱ्याबरोबर, हाझिमबरोबर, कायमची कॅनडाला जाणार असली तरी बापाला फोन करायला निमित्त लागतं. निदान त्याला लागत असे. पलीकडे फोन उचलला तो मुलीच्या सासऱ्याने, अबू हाझिमने. “कोण, अबू रुदैना! या, या, फोनमधूनच आत या, कॉफी ठेवतो,” तो म्हणाला, आणि रिसीव्हरवर हात न ठेवता, तोंडही न वळवता त्याने घरात हाळी दिली, “बाबा! ए बाबा! तुझा बाप आहे फोनवर!” क्षणभर रिफअतला वाटलं, हा स्वतःच्याच वडिलांना बोलावतोय, आणि ते तर केव्हाच वारले होते. मग घराच्या आतून, बहुधा गच्चीच्या जिन्यावरून, एक आवाज आला, “आले बाबा, आले, हात ओले आहेत माझे!” धापा टाकणारा, हसायच्या बेतात असलेला, दोन पायऱ्या एकदम उतरणारा आवाज. तो रुदैनाचा आहे हे कळायला रिफअतला वेळ लागला. सपाता फरशीवर आपटत जवळ आल्या. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आणि मग त्याच गळ्यातून, इस्त्री करून घडी घातल्यासारखा, दुसरा आवाज आला, “होय, पिताजी. आपली प्रकृती कशी आहे?”

“उत्तम आहे, कन्यके,” तो म्हणाला. “विमान कोणत्या वेळी सुटणार आहे?”

“प्रातःकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पिताजी.”

दोघांची भाषा अशीच होती. पुस्तकातली, सगळे प्रत्यय जागच्या जागी असलेली, अम्मानच्या कुठल्याही घरात, कुठल्याही रस्त्यावर कोणी बोलत नाही अशी अरबी. ती त्यानेच तिला पाळण्यात शिकवली होती. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ फोनशेजारच्या खुर्चीवर बसून राहिला. कानात अजून तो पहिला आवाज होता. तीस वर्षांत तो त्याने ऐकला नव्हता, आणि तो तिच्यात होता. म्हणजे कुठेतरी राहत होता, जेवत होता, जिने उतरत होता. दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावताना पकडलं जावं तसं त्याचं तोंड गरम झालं. वास्तविक डोकावला कोणीच नव्हता. फोन उघडा राहिला होता, एवढंच.

“विमान रद्द झालं की काय?” नझमियाने विचारलं. ती भरायचे छोटे भोपळे कोरत बसली होती, आणि कोरणं न थांबवता तिने त्याच्याकडे एक नजर टाकली होती.

“तो तिला बाबा म्हणतो.”

“कोण?”

“अबू हाझिम.”

“मग काय आत्या म्हणेल?”

“इतर सुना सासऱ्याला काका म्हणतात. मग सासराही सुनेला काका म्हणतो. निदान तशी रीत आहे.”

“रीत माहीत आहे म्हणायची!” नझमिया म्हणाली. “हिने नाही म्हटलं काका. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हाच बाबा म्हणाली त्याला. आणि आपण ज्याला जे म्हणू तेच तो आपल्याला परत म्हणणार. हे शिकायला कॉलेजात जावं लागत नाही, उस्ताज.”

“तिने सुरुवात केली?”

“मग कोण करणार? तो बिचारा खलील गावाकडचा माणूस, दोन दिवस तर लाजूनच मेला. त्याच्या बायकोने, उम्म हाझिमने, सांगितलं मला. नंतर मात्र बाबा म्हटल्याशिवाय पाणीही मागत नाही तिच्याकडे.” तिने कोरलेला भोपळा पातेल्यात टाकला. “तुम्हाला आत्ता कळलं? सहा वर्षं झाली.”

सहा वर्षं तो त्या घरी जात होता, ईदला, नातीच्या जन्माला, अधूनमधून शुक्रवारी. तो आला की अबू हाझिम त्याच्यासाठी आवाज खाली आणायचा, जपून बोलायचा, एखादा जड शब्द उगाच मध्ये घालायचा. मुद्रितशोधक माणूस, चाळीस वर्षं वर्तमानपत्राची पानं याच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला गेली नाहीत, याच्यासमोर कोण मोकळं बोलणार? तो दारात आला की सगळं घर व्याकरणात उभं राहत असणार, साहेब वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसं. आणि तो गेला की बसत असणार. ती सैल होऊन बसलेली खोली त्याने कधी पाहिलीच नव्हती.

या गावात आई लेकराला आईच म्हणते. आजी नातवाला आजी म्हणते, मामा भाच्याला मामा म्हणतो, बाप मुलीला म्हणतो, बाबा, शाल घे, बाबा, जेवलीस का, बाबा, रडू नकोस. ज्याने त्याने आपलं नातं काढून समोरच्याच्या अंगावर घालायचं. हे रिफअतने आयुष्यभर ऐकलं होतं आणि आयुष्यभर त्याला ते चुकीचं वाटलं होतं. चुकीचंच होतं ते. संबोधन हे ज्याला हाक मारायची त्याचं असतं. हाक मारणारा स्वतःचंच नाव घेऊ लागला तर भाषेला अर्थ काय उरला? नझमिया तान्ह्या रुदैनाला “यम्मा, माझी यम्मा” करत जोजवायची तेव्हा तो पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचा, “ती तुझी आई नाही. तू तिची आई आहेस.” नझमिया सुरुवातीला हसायची. नंतर हसायची बंद झाली, पण यम्मा म्हणायची बंद झाली नाही. त्याने मात्र ठरवलं होतं की निदान बापाच्या तोंडून मुलीला शुद्ध भाषा मिळाली पाहिजे. बोलीतली धेडगुजरी तिला गल्लीत मिळेलच. तो तिला कन्यके म्हणे. तीन वर्षांची रुदैना त्याला म्हणे, “पिताजी, मांजर पलायन करीत आहे.” कचेरीतले लोक तिला ऐकायला घरी येत. एकाने तर तिच्या हातात मिठाई ठेवून डोळे पुसले होते. त्या दिवशी रिफअत रात्री उशिरापर्यंत जागा राहिला होता, आनंदाने.

मग ती शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं की मला तृष्णा लागली आहे, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. मुली तिला बातम्या म्हणायला लागल्या. “बातम्या आल्या, बातम्या आल्या, गप्प बसा!” हे त्याला नझमियाने सांगितलं होतं आणि त्याने ते एक गंमत म्हणून ऐकलं होतं. महिनाभरात पोरगी इतर मुलींसारखी बोलायला शिकली, फक्त घराचा उंबरठा ओलांडताना भाषा बदलायची, चपला काढून ठेवल्यासारखी. त्याच सुमारास एके दिवशी ती त्याच्या मेजाशी येऊन उभी राहिली. सात वर्षांची. हात मागे बांधलेले. “पिताजी, आपण मला बाबा असे का म्हणत नाही? सर्व मुलींचे पिता त्यांना बाबा म्हणतात.”

त्याला अजून मेजावरचा उन्हाचा तुकडा आठवत होता. हातातलं काम त्याने बाजूला ठेवलं होतं, कारण मुलांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावं अशी त्याची श्रद्धा होती. खुर्ची तिच्याकडे वळवून त्याने तिला समजावलं. मी पिता, तू कन्या. मी तुला पिता म्हटले तर या खोलीत दोन पिता होतील आणि कन्या एकही उरणार नाही. मग मी कुणाचा पिता? तिने कपाळाला आठ्या घालून विचार केला. खरोखर विचार केला; तिच्या डोळ्यांत तो चाललेला दिसत होता. आणि मग ती म्हणाली, “आपले म्हणणे योग्य आहे, पिताजी.” आणि गेली. हे उत्तर तो पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत आला होता. कचेरीत, लग्नसमारंभात, एकदा तर रेडिओवरच्या कार्यक्रमातसुद्धा. लोक हसायचे, तोही हसायचा. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला वाटलं की हे ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या तरी मनात आलं असेल, अरे, पोरीने काय मागितलं होतं आणि तू काय दिलंस. येऊनही तो बोलला नसेल. उस्ताजासमोर कोण बोलणार.

पुढचे तीन दिवस तो शब्द त्याच्या मागेच लागला. गावात तो सगळीकडे होता, पानांनी भरलेल्या झाडावर चिमण्या असाव्यात तसा. एकदा तिकडे कान गेला की दुसरं काही ऐकूच येत नाही. लुवैबदा वस्तीच्या पायऱ्या उतरताना एक माणूस मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता, “पाय दे बाबा, दुसरा, दुसरा.” भाजीवाला फोनवर कुणाला तरी दटावत होता, “बाबा, आईचं ऐक.” कोणालाच त्यात दोन पिता दिसत नव्हते. तो शब्द तिथे कोणाचं नाव म्हणून नव्हताच. बापाने आपल्यातलं काहीतरी उचलून पोराच्या हातात द्यावं, आणि पोराने तेच हसत परत करावं, असा तो दिवसभराचा खेळ होता. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात त्याला जागा नव्हती, आणि रिफअतने पाहिलं, कारण सवय जात नाही, घरातली तीन पुस्तकं काढून पाहिलं. त्याच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली आणि तो भर रस्त्यात थांबला. गावाच्या रीतीने त्यालाही त्याचं नाव सोडून तीस वर्षं झाली होती. सगळं जग त्याला अबू रुदैना म्हणत होतं, रुदैनाचा बाप. कचेरीतला शिपाई, वाणी, न्हावी, सगळे त्याला तिच्या नावाने हाक मारत, आणि ते त्याने कधी चूक म्हणून खोडलं नव्हतं. तिचं नाव तो तीस वर्षं अंगावर घालून फिरला. आपलं मात्र त्याने तिला एक दिवस वापरायला दिलं नाही.

ओढ म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. किंबहुना त्यातला तो जाणकारच होता. ओढीला, झुरणीला, आठवणीने जीव कासावीस होण्याला शब्दकोशात किती शब्द आहेत, कोणता कोणत्या पायरीवर बसतो, हे तो न थांबता सांगू शकत असे. छापखान्याचा इजिप्तचा दरवान सुटीवरून परतलेल्या माणसाला मिठी मारून म्हणायचा, तू मला ओसाड केलंस; आणि छपाईची अक्षरं जुळवणारा बगदादचा जुळारी प्रत्येक वाक्याला म्हणायचा, तुझ्यावरून ओवाळून टाका मला; आणि वरच्या मजल्यावरची दमास्कसची म्हातारी नातवाला कुरवाळत म्हणायची, तूच मला पुरशील रे राजा, म्हणजे तुझ्याआधी मी जावं. रिफअतने ही सगळी वाक्यं एका वहीत उतरवली होती, प्रत्येकासमोर शुद्ध रूप लिहून. रुदैनाचं लग्न ठरलं त्या दिवशी, दोन्ही घरची माणसं जमली असताना, त्याला चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. तो उठला आणि म्हणाला की मुलगी घरातून जाताना पित्याच्या हृदयात जी भावना दाटते तिला आपली भाषा जो शब्द देते तो मुळात वासरू दुरावलेल्या उंटिणीच्या हंबरण्याचा आहे. तो पुढे त्या शब्दाच्या धातूकडे वळणार होता. तेवढ्यात अबू हाझिम, तेव्हा नुकतीच ओळख झालेला, खलीलच्या लोकांच्या त्या लांबवत नेणाऱ्या सुरात म्हणाला, “उस्ताज, काळजी करू नका, आमच्याकडे उंटीण नाहीये, एक गाय होती तीसुद्धा शेजाऱ्याची!” सगळे हसले. रुदैनाही हसली, मग त्याच्याकडे पाहून थांबली. रिफअतला तेव्हा त्या माणसाच्या सुराचा राग आला होता. एवढ्या ताणलेल्या स्वरांत माणूस गंभीर काही बोलू तरी कसं शकतो, असं घरी आल्यावर तो नझमियाला म्हणाला होता. आता त्याला वाटलं, उंटीण तरी हंबरली होती.

पण हे सगळं तो वाटेत वेळ काढल्यासारखं आठवत होता. ज्या गोष्टीकडे जायचं नव्हतं तिच्याभोवती फिरत होता. बुधवारी दाढी करताना ती समोर आलीच. रुदैना इर्बिदला कॉलेजच्या वसतिगृहात असताना, दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, तिचं एक पत्र आलं होतं. आधीची पत्रं चांगली रीतसर असायची. हे पत्र शेवटाला घसरलं होतं. कदाचित थंडी होती, कदाचित ती आजारी होती. शेवटच्या ओळीत तिने बोलीत लिहिलं होतं, जसं कोणीही मुलगी लिहील तसं, की मला तुमच्यासाठी फार ओढ लागली आहे. आणि शुद्ध अरबीत ओढ कुणासाठी लागत नाही, कुणाकडे लागते. अव्यय चुकलं होतं. त्याने त्या अव्ययाभोवती वर्तुळ काढलं, वर योग्य रूप लिहिलं, हिरव्या शाईने, कारण लाल शाई कठोर दिसते, आणि पत्र तिला परत पाठवलं. बरोबर आपलं उत्तरही होतं, प्रेमळ उत्तर, दोन पानांचं. त्यानंतर तिच्या पत्रांत एकही चूक आली नाही. ती हळूहळू एका पानाची झाली, मग अर्ध्या. तो खूष होता. गालांवर साबण वाळत असताना आरशात पाहत त्याने आठवायचा प्रयत्न केला की त्या पत्रात आणखी काय होतं. ती आजारी होती का? कोणाशी भांडली होती का? घरी यायचं म्हणत होती का? काही आठवेना. चूक आठवत होती, तिची जागा आठवत होती, डावीकडून तिसरा शब्द. पत्र आठवत नव्हतं.

“बाबा,” तो आरशाला म्हणाला. ते त्याच्या तोंडून उताऱ्यातला शब्द वाचून दाखवल्यासारखं आलं. “बाबा.” ओठ दोनदा मिटायचे आणि दोनदा उघडायचे, तान्ह्या मुलाला जमतं.

“कोणाशी बोलताय?” बाहेरून नझमिया.

“कोणाशी नाही.”

“मग दार उघडं ठेवून बोला, मलाही सोबत होईल.”

गुरुवारी नझमिया सकाळीच अबू हाझिमकडे गेली. तो दुपारच्या नमाजानंतर निघाला, सामायिक टॅक्सीने, मागच्या सीटवर दोन अनोळखी माणसांच्या मध्ये अंग चोरून. त्याने ठरवलं होतं की आज तो शब्द म्हणायचा. यात नाटकी काही व्हायला नको होतं. बोलता बोलता सहज, पाणी आण बाबा, असं. पण पाणी आण म्हणजे काम सांगणं झालं. पहिल्यांदाच म्हणायचं तर काम सांगायला नको. मग काय सांगायचं? टॅक्सी अश्रफियाचा चढ चढत होती आणि तो वाक्यं जुळवत होता, खोडत होता. प्रत्येक वाक्य नीट झालं की त्यात तो शब्द उपरा दिसायचा, पाहुण्यांच्या खोलीत कोणीतरी आतल्या कपड्यांवर येऊन उभं राहावं तसा. आणि ती हसली तर? किंवा त्याहून वाईट, तिला दया आली तर? उद्या जाणार म्हणून म्हाताऱ्याला उमाळा आला, असं तिला वाटेल. वाटलं तर ते खोटं तरी कुठे होतं.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाणखान्यात चार बॅगा उघड्या पडल्या होत्या, दोन खोकी, गाद्यांची खोळ, आणि मधोमध तेलाच्या डब्याशी झटापट करणारा अबू हाझिम, बाह्या वर सारलेल्या. “या अबू रुदैना, न्याय करा!” तो ओरडला. “ही म्हणते तेल नको, कॅनडात तेल मिळतं. मिळत असेल! बिजागऱ्यांना घालायचं!”

“बाबा, वीस किलो आहे ते!” रुदैना खोक्यामागून म्हणाली. मग तिला वडील दिसले आणि ती उठून उभी राहिली, केस कानामागे सारले. “यावे, पिताजी. आसनस्थ व्हावे. हाझिम विमान कंपनीच्या कार्यालयात गेले आहेत.”

अबू हाझिमनेही लगेच आवाज उतरवला. “हो, बसा, उस्ताज. आसन... ते काय ते, व्हा.” आतून नझमिया आणि उम्म हाझिम यांचं बोलणं आणि तळणीचा चर्र आवाज येत होता. रिफअत दिवाणाच्या कडेवर बसला. तीन वर्षांची मयार, त्याची नात, एका रिकाम्या बॅगेत शिरून बसली होती आणि आतल्या खिशाची चेन उघडझाप करत होती. अबू हाझिमने वाळवलेल्या दह्याचे पांढरे गोळे एका उशीच्या अभ्र्यात भरले, अभ्रा बॅगेत कोंबला, रुदैनाने तो काढला, त्याने परत कोंबला. “अगं बाबा, हे नको म्हणू नकोस,” तो म्हणाला, आणि मग अचानक त्याचा आवाज भलत्याच ठिकाणी फुटला. “तू अजून इथे समोर बसली आहेस आणि मला आत्ताच तुझी आठवण येतेय. हा काय न्याय झाला? तू मला मातीत ठेवायचंस आणि मग कुठे जायचं ते जायचंस.” ज्या फडक्याने डबा पुसत होता त्यानेच त्याने डोळे पुसले. “तेल गेलं,” तो रिफअतकडे न पाहता म्हणाला. “हे गावाकडचं तेल, झोंबतं फार.” मग खोकी बांधायला दोरी लागेल असं काहीतरी पुटपुटत तो खाली दुकानात दोरी आणायला गेला. सगळा जिना उतरेपर्यंत त्याचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

एका माणसाने चार वाक्यांत सगळं बोलून टाकलं होतं आणि शिवाय दोरी आणायला गेला होता. रिफअत पाहत राहिला. रुदैना खोक्याचं झाकण मिटून त्यावर चिकटपट्टी लावत होती. पट्टी ओढली की कर्र असा आवाज यायचा. तिच्या मानेवर, केस वर बांधलेले तिथे, घामाने दोन बटा चिकटल्या होत्या. ती मान त्याने तिच्या लहानपणापासून पाहिली होती, अभ्यास करताना वाकलेली, आणि तिच्याकडे पाहताना तो वहीतल्या ओळी वाचत असे. आता इथे वही नव्हती.

“बाबा,” तो म्हणाला.

बॅगेतून मयारने डोकं वर काढलं आणि दाराकडे पाहिलं, आणि दारात कोणी नाही हे पाहून आजोबांकडे पाहिलं.

“पिताजी,” रुदैना मान वर न करता म्हणाली, “तिला बाबा म्हणू नये. आपण तिचे आजोबा आहात. सीदो म्हणावे. बाबा म्हटले की हाझिम आले असे तिला वाटते.”

अगदी मऊ आवाजात म्हणाली ती. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चूक दाखवताना समोरच्याला लागू नये म्हणून जो काढायचा, तो त्याचाच आवाज होता, हिरव्या शाईसारखा. आणि दुरुस्ती बरोबर होती. गावाच्या व्याकरणात ती अचूक होती. आजोबाने नातीला आपलंच नातं द्यायचं. चांगल्या लेखकाने दुरुस्ती कशी घ्यावी हे त्याने कितीजणांना शिकवलं होतं. मुकाट्याने घ्यावी. “सीदो,” तो म्हणाला.

“काय सीदो?” मयार म्हणाली, ताबडतोब, आणि बॅगेतून उतरून त्याच्या गुडघ्यांना येऊन चिकटली. इतकं सोपं होतं. तिने त्याच्या हाताला धरून वर चढायला सुरुवात केली, आणि तो तिला वर घेत होता, आणि शरमेने त्याचे कान जळत होते. झालं. बरंच झालं. आता हे असंच राहू द्यावं. एका म्हाताऱ्याला नातीला काय म्हणावं ते ठाऊक नव्हतं, ते त्याला सांगितलं गेलं, तो शिकला. कोणाला काही कळलेलं नाही.

पट्टीचा आवाज थांबला होता. रुदैना तशीच वाकलेली होती, पट्टीचं टोक बोटाला चिकटलेलं. तिने लगेच मान वळवली नाही.

“पिताजी. आपण तिलाच हाक मारलीत ना?”

होय म्हणायचं होतं. होय म्हटलं की सगळं जागच्या जागी बसत होतं, एक टिंबही इकडचं तिकडे झालं नसतं. त्याने नातीच्या डोक्यावरून पाहिलं. शुद्ध वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं.

“नाही गं,” तो म्हणाला. “तुला.”

बोलीत म्हणाला. तिच्याशी तो असं कधी बोलला नव्हता, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच एखाद्या वाण्यासारखा वाटला. ती वळली. तिचा चेहरा कसा होता ते त्याला पाहवलं नाही; त्याने मयारच्या फ्रॉकच्या बटणाकडे पाहिलं.

“काय बाबा?” ती म्हणाली.

तो शब्द त्याच्याकडे आला, जिन्यावरून दोन पायऱ्या एकदम उतरल्यासारखा. आणि ती वाट पाहायला लागली, कारण बापाने हाक मारली की त्याला काहीतरी हवं असतं. रिफअतच्या तेव्हा लक्षात आलं की हाकेच्या पुढचं काहीच त्याने आणलेलं नाही. तीन दिवस, टॅक्सीत, आरशासमोर, पायऱ्यांवर, तो फक्त इथपर्यंत येत होता.

“काही नाही,” तो म्हणाला. “नुसतीच मारली.”

तिने मान हलवली. बोटाला चिकटलेली पट्टी ती काढायला लागली. पट्टी एका बोटावरून दुसऱ्या बोटाला चिकटत होती. मग ती म्हणाली, “परत मारा. मला नीट ऐकू नाही आली.”

दोघांमध्ये एका खोक्याचं अंतर होतं. खाली जिन्यावर अबू हाझिमची पावलं वाजायला लागली. वर येता येता तो कुणाशी तरी दोरीच्या जाडीवरून हुज्जत घालत होता. तो दारात पोचायच्या आत म्हणून टाकावं, असं रिफअतला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला या चार दिवसांतली सगळ्यात मोठी लाज वाटली. त्याने तोंड मिटून घेतलं. तो थांबला. पावलं दुसऱ्या मजल्यावर आली, तिसऱ्या, धापा टाकत वळणावर टेकली, पुन्हा निघाली. रुदैना उभी होती. अबू हाझिम खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन बोलत बोलतच आत शिरला, आणि या दोघांना पाहून मध्येच गप्प झाला.

“बाबा,” रिफअत मुलीला म्हणाला.